पालकाची सही

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, कला)

जून उजाडला की आपल्याकडे दोनच गोष्टींची चर्चा असते : पाऊस आणि शाळा. पहिलीत जाणाऱ्या मुलाचे औक्षण होते. दहावीत गेलेल्या मुलाच्या घरी टीव्ही बंद होतो, पाहुण्यारावळ्यांना 'यंदा आमच्याकडे दहावी आहे' असे बजावले जाते. या दोहोंच्या मध्ये आणखी एक मूल उभे असते. गावची शाळा सोडून ते आठवीत, परगावच्या हायस्कुलात निघालेले असते. त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे वयही लहान नाही आणि त्याची परीक्षाही मोठी नाही. नवी चड्डी जाऊन फुलपँट आली, एसटीचा पास काढला, की आई-बापांना वाटते आपले काम झाले.

माझे म्हणणे असे आहे की आमच्यासारख्या घरांतील मुलांचे शिक्षण दहावीत तुटत नाही. ते आठवीच्या पहिल्या सहा महिन्यांतच आतून तुटते, दिसते मात्र नंतर. ते तुटू नये म्हणून आई-बाप शिकलेलेच असले पाहिजेत असेही मुळीच नाही. हे मी पुस्तकात वाचलेले नाही. घरात पाहिले आहे, आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या भावाने मोजली आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातले. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. हायस्कूल सात किलोमीटरवर, बाजारच्या गावी. आबा चौथी शिकलेले, सही करतात, पेपरातले मथळे वाचतात. आई शाळेत गेलेलीच नाही. २०२२ च्या जूनमध्ये भाऊ आठवीत गेला तेव्हा मी बारावीला, तालुक्याच्या वसतिगृहात होते. त्याच्या आधीची जवळजवळ दोन वर्षे करोनामुळे शाळा धड भरल्याच नव्हत्या. सहावी-सातवीचा मोठा भाग त्याने घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर काढलेला. म्हणजे पाया आधीच कच्चा, आणि त्यावर एकदम हायस्कूल.

गावच्या शाळेत दोन गुरुजी आणि एक बाई सगळे शिकवीत. मूल दोन दिवस दिसले नाही तर गुरुजी संध्याकाळी घरी येऊन चहा पिऊन जात. हायस्कुलात दर तासाला नवे सर. वर्गात साठ-पासष्ट पोरे. त्यातून वर्ग सेमीचा. काल ज्याला तो त्रिज्या म्हणत होता ते आज रेडियस झाले. अपूर्णांक फ्रॅक्शन झाला, परिमेय संख्या रॅशनल नंबर झाली. गणित तेच होते, पण त्याच्या ओळखीची सगळी माणसे जणू रात्रीत वेष बदलून आली होती. त्याला गणित येत नव्हते असे नाही. गणिताची नावे येत नव्हती. पण हे दोन निरनिराळे आजार आहेत हे त्याला कोण सांगणार? त्याने आपल्यापुरता निष्कर्ष काढला की आपण 'ढ' आहोत.

आबा रोज संध्याकाळी न चुकता विचारीत, "अभ्यास झाला का रं?" तो म्हणे, "झाला." एवढ्यावर बाप-लेकाचे बोलणे संपे. पहिल्या घटक चाचणीच्या पेपरांवर पालकांची सही आणायची होती. गणितात वीसपैकी तीन गुण होते. त्याने आबांची सही स्वतःच केली, आणि ती आबांपेक्षा सुबक केली. पुढे शाळेने पाठविलेल्या दोन चिठ्ठ्याही दप्तरातच राहिल्या. दिवाळीनंतर तो सकाळच्या एसटीने जाई खरा, पण स्टँडवर उतरून गॅरेजमध्ये बसे. आम्हाला हे पुढच्या उन्हाळ्यात कळले.

आबा मधल्या काळात एकदा शाळेत गेले होते. सकाळची खुरपणी सोडून, धुतलेली टोपी घालून. शिपायाने तासभर बाहेर बसविले. मग ऑफिसातल्या क्लार्कने विचारले, "मुलाची तुकडी कोणती?" आबांना तुकडी म्हणजे काय तेच उमगेना. "पोराची तुकडी माहीत नाही, आणि आलाय चौकशीला!" असे म्हणताच तिथे उभी असलेली पोरे हसली. आबा तसेच परतले. घरी येऊन एवढेच म्हणाले, "लई मोठी शाळा हाय." पुन्हा ते त्या फाटकातून आत गेले नाहीत. शाळेचे नाव मी सांगत नाही, कारण हे एका शाळेचे दुखणे नाही.

आता माझाही गुन्हा कबूल करते. त्या दिवाळीत मी घरी आले तेव्हा त्याने आपणहून गणिताची वही माझ्यापुढे ठेवली होती. मी चार पाने उलटली आणि म्हणाले, "एवढे सोपे येत नाही तुला? मी तुझ्या वयाची असताना..." त्याने वही मिटली. पुन्हा कधी माझ्यासमोर उघडली नाही. घरातले पहिले शिकलेले माणूस म्हणून ज्याने दार उघडायचे, त्यानेच ते लावून घेतले. नववीत त्याने शाळा सोडली. आज तो मामाच्या गॅरेजमध्ये काम करतो.

माझ्या भावाचे काय चुकले हा प्रश्न मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारला. हळूहळू लक्षात आले की प्रश्न एकट्या त्याचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. ती कायद्यात पुरती उतरायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळू लागले. फार मोठी गोष्ट झाली. पण कायद्याचा हात आठवीला सुटतो. नववीत गेलेल्या मुलाला मोफत पाठ्यपुस्तके मिळत नाहीत, दुपारची खिचडी मिळत नाही. म्हणजे ज्या वर्षी अभ्यास अवघड होतो, आवाज फुटतो, मिसरूड येते, मन कशातच लागत नाही, त्याच वर्षी सरकारही म्हणते, 'आता तुमचे तुम्ही बघा.' अशा वेळी उरतात फक्त आई-बाप. आणि त्यांना आम्ही सांगितलेले असते की तुम्ही अडाणी, तुम्हाला यातले काय कळणार!

शिकलेल्या घरातल्या मुलाला हा उंबरठा जाणवत नाही, कारण त्याला तो कोणीतरी हात धरून ओलांडून देतो. सेमीचे शब्द आई सांगते, फॉर्मची तारीख बाबा लक्षात ठेवतात, शाळेत जाऊन सरांशी बरोबरीने बोलतात. साधे उदाहरण घ्या. आठवीच्या मुलांसाठी केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती परीक्षा असते. २००८ पासून ती चालू आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असले आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असले तर ते परीक्षेला बसू शकते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. जेथे पुस्तके आणि खिचडी थांबते नेमकी तेथून ही मदत सुरू होते. माझ्या भावाच्या वेळी तिची सूचना शाळेच्या फलकावर नक्की लागली असेल. पण त्याने घरी सांगितले नाही, आबांनी विचारले नाही, आणि मी वसतिगृहात स्पर्धा परीक्षांची पुस्तके चाळीत होते.

गेल्या जूनमध्ये, म्हणजे २०२५ च्या जूनमध्ये, माझी धाकटी बहीण त्याच हायस्कुलात आठवीत गेली. या वेळी आम्ही घरात काही गोष्टी वेगळ्या केल्या. त्यांतली एकही खर्चाची नाही, आणि एकीलाही पदवी लागत नाही. म्हणूनच त्या येथे लिहाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट, शाळा सुरू होण्याआधी आई, आबा आणि ती असे तिघे एसटीने हायस्कूल पाहून आले. वर्ग कोठे, पाणी कोठे, मुलींचे स्वच्छतागृह कोठे, परतीची गाडी किती वाजता, सगळे आईने डोळ्यांनी पाहिले. न पाहिलेल्या जागेबद्दल मुलीला धीर तरी कसा देणार? आईने तिला मासिक पाळीबद्दलही आधीच, नीट बसवून सांगितले. दप्तराच्या आतल्या कप्प्यात काय ठेवायचे, अडचण आली तर कोणत्या बाईंकडे जायचे, हे ठरवून दिले. या एका विषयावर घरात मौन असल्यामुळे किती मुली महिन्याकाठी तीन-चार दिवस शाळा बुडवतात, आणि मग कायमची सोडतात, हे आपल्या वर्गातील मैत्रिणींना विचारून पाहा.

दुसरी गोष्ट, मी आबांना एक चिठ्ठी लिहून दिली. तिच्यावर मुलीची इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, वर्गशिक्षकांचे नाव आणि शाळेचा फोन. आबांनी ती पाकिटात विठोबाच्या फोटोमागे ठेवली. जुलैत कोणी बोलावले नसताना ते शाळेत गेले आणि दारातच म्हणाले, "आठवी ब, हजेरी नंबर एकतीस, तिचा बाप मी." त्याच ऑफिसात, त्याच क्लार्कने त्यांना खुर्ची दिली. माणूस बदलला नव्हता. आबांच्या हाती चिठ्ठी आली होती, एवढाच फरक. वर्गशिक्षक बाहेर आले आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही." ही गोष्ट जुलैत कळणे आणि मार्चमध्ये कळणे यांत एका आयुष्याचे अंतर असते.

तिसरी गोष्ट प्रश्नाची. 'अभ्यास झाला का' हा प्रश्नच आम्ही घरातून हद्दपार केला. त्याला 'झाला' याखेरीज उत्तर नाही. आता भाकरी थापताना आई विचारते, "आज काय नाही कळलं?" सुरुवातीला बहीण गोंधळली. न कळल्याबद्दल आजवर बोलणीच खाल्ली होती. कोणी ते इतक्या सहज विचारले नव्हते. मग ती सांगू लागली. आईला समजावून सांगता सांगता निम्मे तिचे तिलाच उमगते, आणि उरलेले ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. रविवारी मी फोनवरून तेवढेच पाहते. आईला गणित येत नाही, हीच येथे सोय झाली. तिच्यापुढे चुकण्याची लाज वाटत नाही.

चौथी गोष्ट शब्दांची वही. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. त्रिज्या-रेडियस, वर्गमूळ-स्क्वेअर रूट, पेशी-सेल. दिवसाला पाच शब्द. दिवाळीपर्यंत वही निम्मी भरली. गणिताची भीती म्हणून आपण जिला म्हणतो तिचा अर्धा भाग या वहीत मावतो, असे माझे मत झाले आहे.

पाचवी गोष्ट सहीची. सोसायटीच्या कर्जाचा कागद वाचून घेतल्याशिवाय आबा कधी सही करीत नाहीत. मी त्यांना म्हटले, "मग पोरीच्या पेपरावर न वाचता कशी करता?" त्यांना ते पटले. आता पेपर आला की ते तिला समोर बसवतात आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्याकडून ऐकतात. गुण किती ते शेवटी विचारतात. कमी असले तरी हात उगारायचा नाही आणि शेजारच्या मुलीचे नाव काढायचे नाही, एवढी अट मी घातली आहे. एकदा त्यांच्याकडून मोडली गेली; पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून तिला एसटीपर्यंत सोडले. आमच्या आबांची क्षमा मागण्याची रीत तीच आहे.

आणि सहावी गोष्ट कामाची. हायस्कुलात जाणारी मुलगी सकाळी आठला घर सोडते आणि सहाला परत येते. आल्यावर पाणी, भांडी, झाडलोट हे सगळे तिच्याच वाट्याला आले तर ती पुस्तक केव्हा उघडणार? मुलींना एसटीचा पास मोफत आहे, हे खरे. पण घरातला तासभर वेळ मोफत मिळत नाही; तो कोणाला तरी द्यावा लागतो. आमच्या घरी भांड्यांचे काम आता भाऊ करतो. गॅरेजमधून आल्यावर, काही न बोलता.

यावर काहीजण म्हणतील, 'हे सगळे बोलणे सोपे आहे. पालकांना मुळात आस्थाच नसते. पालक सभेला दहा टक्केही येत नाहीत.' आमचे काही प्राध्यापकही असे म्हणतात आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. पण सभा केव्हा असते ते पाहा. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. आईने सभेला जायचे तर तीनशे रुपयांची हजेरी बुडते. सभेत काय होते? तासभर भाषण, आणि मग सगळ्यांसमक्ष गुणांचे वाचन. तीनशे रुपये देऊन चारचौघांत मान खाली घालायला कोण जाईल? तीच सभा बाजारच्या दिवशी किंवा संध्याकाळी घ्या, पालकांना एकेकटे बोलू द्या, आणि मग आस्थेचा हिशेब मांडा. शिक्षकांवर मी राग काढीत नाही. साठ मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, यांत प्रत्येक मुलाचे घर त्यांनी कसे ओळखावे? म्हणून तर मधला दुवा हवा.

तो दुवा आपण आहोत, असे मला वाटते. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले हे आपण दर वर्षी जयंतीला ऐकतो. आई-बाप शिकलेले नाहीत म्हणून अण्णा थांबले नाहीत, की आई-बापांना नावे ठेवीत बसले नाहीत. त्या मुलांना ज्याची उणीव होती ते माणूस ते दोघे स्वतःच झाले. जयंतीची भाषणे ऐकून आपण टाळ्या वाजवितो, आणि घरी जाऊन धाकट्या भावाची वही फेकून देतो!

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ पासून ती देशभर चालते. दर वर्षी १२० तासांचे काम आणि दोन वर्षांत एकदा सात दिवसांचे शिबिर. त्या शिबिरात आपण गटारे साफ करतो, रस्त्याकडेला चुना मारतो, शेवटच्या दिवशी फोटो काढतो आणि येतो. त्या कामाला मी कमी लेखीत नाही. पण माझी सूचना अशी आहे की पुढच्या शिबिरात दत्तक गावातील सातवीच्या मुलांची यादी करावी. रोज संध्याकाळी, माणसे रानातून परतल्यावर, त्या घरी जाऊन आई-बापांशी बोलावे. आणि शिबिर संपल्यावर प्रत्येक स्वयंसेवकाने एकेक घर आपल्याकडे ठेवावे. जूनमध्ये त्या मुलाबरोबर हायस्कुलात जायचे, तुकडीची चिठ्ठी लिहून द्यायची, शब्दांची वही सुरू करून द्यायची, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख सांगायची. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत कोणत्या खिडकीवर उभे राहायचे हे आपल्याला पाठ आहे; कारण आपण सगळे तेथे उभे राहून आलो आहोत. महिन्यातून दोन फेऱ्या पुरे. १२० तासांत हे सहज बसते. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा अशी या अंकातून मी विनंती करते.

आणि ज्यांना एवढेही जमणार नाही त्यांनी निदान आपल्या घरी पाहावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादे मूल यंदा सातवीत असेल. त्याने वही पुढे केली तर 'मी तुझ्या वयाची असताना' हे वाक्य तेवढे गिळून टाका.

बहिणीची शिष्यवृत्तीची परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि मिळाली नाही तरी ती नववीत जाणार आहे, एवढे आमच्या घरी नक्की ठरले आहे.

भावाबद्दल लिहू की नको असा प्रश्न होता. त्याला विचारले, तर तो म्हणाला, "लिही की. खोटं काय हाय त्यात?" त्याने दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. गॅरेज बंद झाल्यावर रात्री तो बहिणीच्या शब्दांच्या वहीतून शब्द उतरवून घेतो. फॉर्मवर पालकाची सही लागत होती. या वेळी ती आबांनी केली. आधी सगळा कागद माझ्याकडून वाचून घेतला, आणि मग, थोडीशी वाकडी, पण स्वतःची.